साक्षीदार पट्टीवरचं पाणी

अगदी खरं सांगते हं! यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं, तर तोंडात उरलेले हे चार दात आत्ता इथं गळून पडोत. आणि दातांची शपथ मी उगाच घेत नाही, कारण गोष्ट दातांच्याच कारखान्यात घडली.

दातांच्या म्हणजे, दातांच्या मुळांच्या. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात एक चिमुकला स्क्रू बसवतात ना, टायटॅनियमचा, आणि त्याच्यावर नवा दात? ते स्क्रू तिथं तयार व्हायचे. करंगळीच्या नखाएवढे असतील-नसतील, पण त्यांचे लाड काय विचारता! इतकी आंघोळ-पांघोळ तान्ह्या बाळाचीसुद्धा होत नाही.

तिथं एक पोरगी होती. रंगखोलीत कामाला. आता टायटॅनियमला रंग फासत नाहीत बरं का. स्क्रू टाकीत टांगायचे आणि वीज सोडायची. धातूच्या अंगावर एक पातळ पापुद्रा चढतो, उजेड त्यात जाऊन गोंधळतो आणि आपल्याला रंग दिसतो. व्होल्ट वाढवत नेले की आधी तपकिरी, मग जांभळा, मग निळा, सोनेरी, गुलाबी... प्रत्येक मापाचा रंग वेगळा, म्हणजे डॉक्टरांनी घाईत भलतंच उचलायला नको. ते बटण या पोरीच्या बोटाखाली असायचं, म्हणून सगळे तिला व्होल्टी म्हणायचे. शिवाय तिला हात लावायला गेलं की झटका बसायचा, तेही एक कारण होतंच!

रंगखोलीच्या भिंतीपलीकडे मारा-खोली. तिथं स्क्रूवर बारीक खड्यांचा मारा करून त्यांना खरखरीत करायचे. दोन्ही खोल्यांच्या मधे भिंतीतच एक काचेची पेटी होती, अलीकडे एक दार, पलीकडे एक. पलीकडचं लागल्याशिवाय अलीकडचं उघडायचंच नाही, म्हणजे तिकडची धूळ इकडे यायला नको.

एके दिवशी सकाळी व्होल्टीनं दार ओढलं, तर उघडेना. जोरात ओढलं. ढिम्म हलेना! काचेतून पाहिलं, तर पलीकडचं दार अर्धवट उघडं, आणि त्याच्यामागे डोक्याला भलामोठा टोप घातलेलं एक ध्यान पाठमोरं उभं.

“अहो पाणबुडे!” तिनं काच वाजवली. “दार लावा तुमचं! मला ट्रे घ्यायचाय!”

पाणबुड्या वळला. टोप काढला. आणि... अगं बाई! केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड. पिठाच्या डब्यातून नुकताच वर आल्यासारखा. त्या सगळ्या पांढऱ्यात दोन काळेभोर डोळे तेवढे लुकलुकत होते. माराखोलीतला जुना माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी नवा घेतलाय, हे तिच्या कानावर होतं. पण त्याला डोळे असतील, हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं गडबडीनं दार लावलं. तिनं आपलं उघडलं. ट्रे काढला. आणि ट्रेच्या मागे पाहते, तर एक निळा रुमाल!

“हा काय प्रकार?”

“माझा आहे... राहिला चुकून. तुमचं दार लावता का जरा? म्हणजे मला काढता येईल.”

“रुमाल? पेटीत? तपासणीत थेंबकाकूंनी पाहिला असता तर?”

“पाहिला का त्यांनी?”

“मी पाहिलाय ना!”

“मग वाचलो म्हणायचं की मेलो?”

तिला हसू आलं. पण ते दाखवायचं कसं? तिनं दार सताड उघडंच ठेवलं आणि त्याला टेकून उभी राहिली. “नीट मागा. मग ठरवते.”

पलीकडे त्यानं हात जोडले, मान तिरकी केली आणि असा काही केविलवाणा चेहरा केला, की व्होल्टी खळखळून हसली. ती हसली तेव्हा तिच्या मागचा मीटरचा काटा पाच व्होल्टनं वर गेला म्हणतात. मी तर म्हणेन, सात!

झालं. त्या दिवसापासून पेटीची दारं जरा जास्तच वाजायला लागली. एका फेरीत मावणारे ट्रे तीन फेऱ्यांत यायला लागले. पोरगा खरखरीत करायच्या कामावर, म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव खरखऱ्या ठेवलं. ‘अहो’ कधी गळालं आणि ‘अरे’ कधी आलं, दोघांनाही कळलं नाही.

“तू दिवसभर करतोस काय रे नक्की?” तिनं एकदा चहाच्या सुट्टीत विचारलं.

“गुळगुळीत वस्तू बिघडवतो.”

“फारच कौतुकाचं काम!”

“हसू नकोस. हाड गुळगुळीत गोष्टीला धरत नाही. निसटतं. जरा खरखरीत असली ना, की मग ते हळूहळू... बिलगतं.”

शेवटचा शब्द त्यानं इतका हळू म्हटला, की तिनं उगाचच कपात पाहिलं.

“माणसांचंही तसंच असतं का?” तिनं कपालाच विचारलं.

“म्हणून तर मी तीन दिवस दाढी केली नाही.”

“मला वाटलं, ब्लेड संपलं!”

कप उचलताना तिनं बाह्या ओढून बोटांवर घेतल्या. ते त्यानं पाहिलं. हात सारखे धुवायचे, पुसायचे, हातमोजे चढवायचे, काढायचे, पुन्हा धुवायचे. तिची बोटं उन्हाळ्यातल्या मातीसारखी भेगाळली होती. कप गरम लागला की चरचरायची.

“दुखतं?”

“सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी सुटल्यावर बाहेर पावसाची बारीक भुरभुर लागली होती आणि हा फाटकापाशी छत्री न उघडताच उभा. हातातली छत्री कोरडी, स्वतः ओला.

“हे घे,” म्हणून त्यानं एक छोटीशी चपटी डबी पुढं केली.

“काय आहे?”

“काही नाही... म्हणजे... क्रीम. हाताला. बहिणीला विचारून आणलंय. ती म्हणाली, याच्यासारखं दुसरं नाही. एकदा लावलं की दहादा धुतलं तरी जात नाही.”

“आणि कुणासाठी हवंय म्हणून सांगितलंस?”

“माझ्यासाठी.”

“पटलं तिला?”

“ती अजून हसतेय.”

व्होल्टीनं डबी घेतली. घेताना बोटाला बोट लागलं. इतके दिवस दोघांच्या मधे काच होती, नाहीतर रबरी हातमोजे, नाहीतर चहाचे कप. हे पहिलंच साधं, उघडं बोट! ती बसमधे बसली तरी ते बोट तिनं वेगळंच धरून ठेवलं होतं.

आता कारखान्याच्या आतल्या दारावर ठळक पाटी होती : ‘क्रीम, तेल, पावडर, अत्तर आत आणू नये.’ पोरगी नियमाची पक्की. डबी तिनं कधी पर्समधेसुद्धा टाकली नाही. घरीच आरशापाशी ठेवली. सकाळी निघताना लावायची, रात्री निजताना लावायची. आठवड्यात भेगा मिटल्या. बोटं मऊसूत झाली, आणि मन तर काय, त्याहून!

आणि नेमकं तेव्हाच कामावर ग्रह फिरले.

थेंबकाकूंचं सांगायचं राहिलंच. त्या तपासनीस. स्क्रूंच्या प्रत्येक तुकडीबरोबर एक सपाट पट्टी सगळे संस्कार घेत जायची, तेच हात, तीच टाकी, तेच पाणी. तिला म्हणायचे साक्षीदार पट्टी. वीज सोडायच्या आधी काकू ती पट्टी पाण्यातून वर काढून धरायच्या आणि तिच्याकडे बघत बसायच्या. धातू खरंच स्वच्छ असला, तर पाणी त्याच्यावर सलग पडद्यासारखं पसरून राहतं. पण कुठं नखाएवढा जरी तेलकटपणा असेल, तर तिथं पडदा फाटतो आणि पाण्याचे थेंब होतात. थेंब दिसला की तुकडी नापास! त्यावर रंग डागाळतो, आणि असला स्क्रू माणसाच्या जबड्यात कोण घालील?

त्या सोमवारी काकूंनी पट्टी वर काढली. पडदा फाटला. टपोरे थेंब!

“पोरी, धुतलंयस ना नीट?”

“धुतलंय, काकू. शपथ.”

परत धुतली. परत थेंब. दुसरी तुकडी लावली, तिचंही तेच. व्होल्टीनं टाकीचं पाणी बदललं, गाळणी बदलली, आकडे घासले, साबण बदलला. खरखऱ्यानंही आपले खडे बदलून पाहिले, हवेच्या नळीत तेल येतंय का बघितलं. सगळं चोख. आणि पट्टीवर मात्र थेंब, दात काढून हसल्यासारखे!

मालकीणबाई खाली उतरल्या. बाई वाईट नव्हत्या, पण एका मोठ्या दंतरुग्णालयाची पहिलीच ऑर्डर अडकली होती.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “खोली मी तुझ्या भरवशावर दिली. उद्या तिसरी तुकडी. तीही अशीच निघाली, तर रंगकाम मी बाहेरच्या कारखान्याला देऊन टाकते. तू परत पॅकिंगला.”

पॅकिंग! दोन वर्षं तिनं पिशव्यांची तोंडं चिकटवली होती. रोज काचेतून रंगखोलीकडे बघत बघत. नाकदुऱ्या काढून, रात्री पुस्तकं वाचून ती खोली मिळवली होती. राखाडी धातूला आपल्या हातानं मोरपंखी होताना पाहणं... आता ते पुन्हा काचेपलीकडून बघायचं?

त्या संध्याकाळी घरी ती भांडी विसळत होती आणि बाबा शेजारी पुसत उभे होते. बाबा पूर्वी बस चालवायचे. निवृत्त झाल्यापासून घरातली सगळी वाहतूक त्यांच्याकडेच.

“आज गाडी गप्प का?”

“काही नाही, बाबा.”

“‘काही नाही’ म्हणताना तुझी आई असंच ताट तीनदा विसळते.” मग एकदम वाकून म्हणाले, “अगं, हे काय? हात आहेत की अळवाचं पान?”

तिनं खाली पाहिलं. नळाखालच्या तिच्या हातावर पाणी ठरत नव्हतं. गोल गोल मोती होऊन पळत होतं. मनगटावर चार मोती, अंगठ्यावर दोन...

थेंब!

हातातलं ताट सिंकमधे खणकन् पडलं. सकाळी क्रीम लावायचं. त्याच हातानं स्वच्छ हातमोजे बाहेरून धरून ओढायचे. हातमोज्यावरून चिमट्याला, चिमट्यावरून पट्टीला, रोज थोडं थोडं साठत. एकदा लावलं की दहादा धुतलं तरी जात नाही... बहीण खरंच बोलली होती की!

“काय झालं गं?”

“बाबा, समजा... एखाद्यानं चांगल्या मनानं काहीतरी दिलं, आणि त्याचाच घोळ झाला. सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. नाही सांगितलं तर आपलं काम जाईल. काय करायचं?”

बाबांनी शांतपणे पेला पुसला. “हा ‘एखादा’ दिसायला कसा आहे?”

“बाबा!”

“बरं, बरं. मी आपलं एवढंच जाणतो. गाडी कुठं ठोकली ते सांगावं. शेजारी कोण बसलं होतं, ते पोलिसांनी विचारल्याशिवाय सांगू नये.”

रात्रभर तिनं हात लिंबानं घासले, बेसिनपाशी उभं राहून. डबीकडे मात्र तिला रागानं बघता येईना.

सकाळी मालकीणबाईंनी सगळ्यांना रंगखोलीबाहेर उभं केलं होतं. व्होल्टी पुढं झाली. “बाई, सापडलं. माझ्या हाताचं क्रीम होतं. आत आणलं नव्हतं, घरी लावत होते. पण हातावरून आलंच ते. चूक माझी.”

माराखोलीच्या दाराशी खरखऱ्या उभा होता. पूड नव्हती तरी पांढराफटक पडला.

“आणि हे क्रीम आलं कुठून?” थेंबकाकूंनी विचारलं.

“मीच घेतलं.”

“खोटं बोलतेय ती!” दाराकडून आवाज आला. “बाई, मी दिलं तिला.”

“तू गप्प बस रे!”

“तूच गप्प बस! बाई, तिची काही चूक नाही. काढायचं तर मला काढा.”

“बाई, त्याचं ऐकू नका. मी दुकानातून घेतलं.”

“कुठल्या दुकानातून?” काकूंनी शांतपणे विचारलं.

व्होल्टीनं खरखऱ्याकडे पाहिलं.

“पुलाजवळच्या,” खरखऱ्या म्हणाला. “औषधांच्या. हिरवं झाकण आहे डबीला. त्यांच्याकडे निळ्या झाकणाचीही होती, पण ते... ते तिला आवडलं नसतं.”

“निळंच आवडलं असतं!” व्होल्टी फणकारली, आणि मग जीभ चावली.

पॅकिंगमधल्या सगळ्या बायका छताकडे बघायला लागल्या. मालकीणबाई खोकल्या, म्हणजे हसू गिळायला खोकतात तसं.

“मी इथं चोर पकडायला आले,” त्या म्हणाल्या, “तर एकाच चोरीवर दोघं हक्क सांगतायत! ते नंतर बघू. आधी सिद्ध करा. आज तिसरी तुकडी लागेल. थेंब आला, तर दोघंही घरी.”

मग जी धुवाधुवी सुरू झाली म्हणता! हातमोज्यांची खोकी फेकली. चिमटे, आकडे, दारांच्या मुठी, नळाच्या चाव्या, सगळं गरम क्षाराच्या पाण्यानं. खरखऱ्यानं बाह्या सरसावून टाकी आतून अशी घासली, की तीत तोंड दिसावं. व्होल्टीनं हात खसाखसा धुऊन पुढं केले, आणि थेंबकाकूंनी लहान बाळाला मोजे घालावेत तसे एकेक बोट करून तिला नवे हातमोजे चढवले.

“इतका मऊ हात आणि इतकी हट्टी पोरगी,” काकू पुटपुटल्या. “देवानं मेळ कसा घातलाय!”

तुकडी धुतली. काकूंनी साक्षीदार पट्टी पाण्यातून वर काढली. काचेला नाकं लावून सगळा कारखाना उभा. पट्टीवर पाणी... पसरलेलं. काकू घड्याळाकडे बघतायत. पाणी तसंच. एका कोपऱ्यात जरासं थरथरलं. व्होल्टीनं डोळे मिटले. शेजारी खरखऱ्या श्वासच घ्यायचा विसरला होता.

“डोळे उघड, पोरी,” काकू म्हणाल्या.

पट्टीवर पाण्याचा पडदा सलग, तलम, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकही थेंब नाही!

पॅकिंगच्या बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की वरच्या मजल्यावरचे लोक खाली धावत आले. आणि व्होल्टीनं वीज सोडली. स्क्रू तपकिरी झाले, जांभळे झाले आणि मग असे निळे, असे निळे झाले, की आकाशानं लाजावं!

मालकीणबाई दारावरच्या पाटीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. “‘आत आणू नये,’” त्यांनी वाचलं. “तिनं आत आणलं नाही. यानं तर फाटकाबाहेर दिलं. म्हणजे नियम कुणीच मोडला नाही. चूक पाटीची, आणि पाटी माझी.” मग खरखऱ्याकडे वळल्या. “तू राहतोस. पण पुन्हा काही भेट द्यावीशी वाटली, तर आधी थेंबकाकूंकडून पास करून घे!”

“आणि मी?” व्होल्टीनं विचारलं.

“तुझी खोली आहे, तू बघ. मला काय विचारतेस?”

संध्याकाळी दोघं बसथांब्यावर उभी होती. क्षाराच्या पाण्यानं त्याची बोटं मनुकांसारखी सुरकुतली होती. रस्ता ओला, दिव्यांचे पिवळे डाग त्यात डुलत होते. दोघांच्या मधे वीतभर जागा, आणि ती वीत काही केल्या कमी होईना.

लांबून बस येताना दिसली. तेव्हा तो वळला, तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, “तुझ्या हातांना आता मला काहीच देता यायचं नाही... मग माझाच हात देऊ का? जन्मभरासाठी?”

तिनं खाली पाहिलं, वर पाहिलं, बसकडे पाहिलं. आणि हळूच म्हणाली, “दे.”

...

बरं. आता एक कबूल करूनच टाकते. बाकी सगळं अक्षरशः खरं, पण हे शेवटचं मी पदरचं घातलं. तो असलं काहीही बोलला नाही. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही! तो बिचारा थांब्यावर उभा राहून, मारायला बारीक खडे बरे की जाड, हेच सांगत होता. घामाघूम होऊन. बस आली तरी खडेच चालू!

शेवटी व्होल्टीनं एक पाय पायरीवर ठेवला, मागं वळली आणि म्हणाली, “ए, लग्नाचं तू विचारणार आहेस, की मीच विचारून मोकळी होऊ? बस थांबायची नाही!”

पण बस थांबली बरं का. ड्रायव्हरलाही उत्तर ऐकायचं होतं.